आखूड शिंगांचे बैल

बैलाला शिंगं किती लांब असतात, हा प्रश्न मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पडला. तोही आठ चित्रं रंगवून वाळल्यावर.

त्याआधीची वीसेक वर्षं मी चित्रंच काढत होते, पण त्यांना चित्रं म्हणायला कुणी तयार झालं नसतं. शाळेच्या गाइडांमध्ये असतात ती. बेडकाचं पोट, जास्वंदीच्या फुलाचे भाग, 'टोपलीतले आंबे मोजा'. माझे आंबे कितीतरी पोरांनी मोजले असतील, पण ते काढले कुणी हे विचारायचं कुणाचं अडलं होतं? वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून मी बसायचे. नवरा कचेरीत गेला की दार लोटून घ्यायचे. शेजारणी एकमेकींना सांगायच्या की ह्या घरीच असतात, कधीही जा. आणि त्या कधीही यायच्या.

अशात पुण्याहून एका संपादकबाईंचा फोन आला. एका बालमासिकातली माझी चार छोटी चित्रं त्यांनी पाहिली होती आणि त्यांना माझ्याकडून एक चित्रपुस्तक करून हवं होतं. मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाशेजारी माझंही नाव येणार होतं. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच सगळ्या बरण्यांची झाकणं घट्ट केली. आनंद झाला की हाताला काय काम द्यावं ते मला कळत नाही.

गोष्ट बारा वाक्यांची होती. पोळ्याचा आदला दिवस आहे. घरातले सगळे बैलांच्या अंगावर नवा साज घालून बघताहेत. जोडीतला एक बैल शहाण्यासारखा उभा आहे आणि दुसऱ्याला काहीच नको आहे. आजोबा झूल टाकतात, तो झटकून देतो. आई शिंगांना बेगड लावते, तो ती खांबाला घासून काढतो. शेवटी घरातली लहान मुलगी त्याच्या कानात काहीतरी सांगते. दुसऱ्या दिवशी बैल नटूनथटून पोळ्यात उभा, आणि तिसऱ्या दिवशी मुलगी पहिल्यांदाच बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकते. कानात काय सांगितलं ते लेखिकेनं लिहिलंच नव्हतं. मी संपादकबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते तुम्ही चित्रात सांगायचं. म्हणजे अवघड तेवढं माझ्या पदरात.

चित्रपुस्तकाचं काम बाहेरून वाटतं तसं रंगापासून सुरू होत नाही. आधी कोरे कागद घडी घालून तळहाताएवढं खोटं पुस्तक करायचं. त्यात काड्यापेटीएवढ्या चौकटींत नुसत्या रेघा मारायच्या. मग ते पुस्तक स्वतःच पुन्हा पुन्हा उलटून बघायचं, की पान उलटावंसं वाटतं का. झूल उजव्या पानाच्या टोकाला उडते आहे, ती पडली कुठे हे पुढच्या पानावर कळलं पाहिजे. मधल्या शिवणीत काही महत्त्वाचं येऊ द्यायचं नाही, कारण शिवण गिळून टाकते. पहिल्या खेपेला गोष्टीतल्या आजोबांचं नाकच शिवणीत गेलं होतं. आणि मुलगी. तीच मुलगी बारा वेळा काढायची आणि बाराही वेळा ती तीच वाटली पाहिजे. पाठमोरी, वाकलेली, रडकी, झोपाळू. मी पंधरा दिवस फक्त तिच्या वेण्या घालत होते.

बैलावर मात्र मी एक दिवसही घालवला नाही. माझं माहेर पुलगावचं, कापडाच्या दुकानाचं. आमचा बैलांशी संबंध पोळ्याला दारात आलेल्या जोडीला ओवाळण्यापुरता. लग्न झालं ते तळेगावच्या शेतकऱ्याच्या घरात, पण नवऱ्याची नोकरी वर्ध्याला, म्हणून तळेगाव श्यामजी पंतला आम्ही सणासुदीला जाणारे पाहुणे. मग मी केलं काय? मोबाइलवर 'बैल' असं टाकलं. भराभर फोटो आले, एकाहून एक देखणे, पांढरेशुभ्र, डोक्यावर हात-हातभर लांब, वळणदार शिंगं. लहानपणच्या कॅलेंडरांवरचे, पाठ्यपुस्तकांतले, दुकानातल्या कापडाच्या ठाणांवरच्या शिक्क्यांतले बैलही असेच होते. मला शंका यायचं कारण नव्हतं.

आणि शिंगांनी काम किती सोपं केलं म्हणून सांगू! एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणारी ती लांब कमान. तिच्यावर बसलेली साळुंकी. मुलीनं शिंगाला अडकवलेलं दप्तर. मुखपृष्ठावर तर दोन शिंगांच्या मधोमध पुस्तकाचं नावच बसवलं होतं. संपादकबाई खूश झाल्या. तारीख ठरली. त्या तारखेला चित्रं आली नाहीत तर छपाईची पाळी हुकेल आणि मग पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला द्यावं लागेल, हेही त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं. मी म्हटलं, काळजीच करू नका.

आठ चित्रं झाली आणि सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या.

सासूबाईंबद्दल आधीच सांगून टाकते. चूक दिसली की ती चारचौघांत सांगायची, हा त्यांचा धर्म. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत माझ्या कढीत मीठ नव्हतं, तर त्यांनी ओटीवर उभं राहून सगळ्यांना जाहीर केलं होतं, की बाबांनो, कढीत मीठ नाही, आपापलं घ्या. त्यांच्या मनात पाप नसतं. पोटात एक आणि ओठांत एक हे त्यांना जमत नाही, एवढंच. मला मात्र ते बावीस वर्षांत पचलेलं नाही. माझाही स्वभाव काही थंड नाही.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा आला. चार दिवसांनी चष्मा काढून त्यांनी आमचं घर पाहिलं आणि म्हणाल्या की पंख्याच्या पात्यांवर किती धूळ आहे, एवढी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही. पंखा झाला, खिडक्यांचे गज झाले, देवघर झालं. मग त्यांची नवी नजर माझ्या टेबलावर आली.

त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, आणि अक्षर म्हटलं की 'मले नाई येत' म्हणून मोकळ्या होतात. पण चित्र त्या ज्या रीतीनं वाचत होत्या तसं मी आजवर कुणाला वाचताना पाहिलेलं नाही. एकेक चित्र उचलायच्या, उजेडाकडे धरायच्या, कोपऱ्यापासून सुरुवात करायच्या. आधी जमीन, मग भांडीकुंडी, मग माणसं. चौथं चित्र पाहून त्यांनी विचारलं, या पोरीच्या पायातल्या चपला कुठे गेल्या? मी पाहिलं. तिसऱ्या चित्रात चपला होत्या, चौथ्यात अनवाणी, पाचव्यात पुन्हा चपला. तीन महिने माझी नजर त्या पायांवर होती आणि मला दिसलं नव्हतं. मी गपचूप चौथ्या चित्रात उंबऱ्याजवळ दोन चपला काढून ठेवल्या. त्या 'आता ठीक' म्हणाल्या. मनातून मी हरखले होते. वाटलं, घरबसल्या फुकटची तपासनीस मिळाली.

मग त्यांनी आठही चित्रं पलंगावर ओळीनं मांडली आणि दोन पावलं मागे सरकून कमरेवर हात ठेवले. हे लक्षण वाईट.

"सारं चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण हे बैल कुठचे आणले? आपल्याकडचे त नाई हे."

मी म्हटलं, बैलासारखे बैल आहेत. त्या म्हणाल्या, घर आपलं आहे, लुगडं आपल्यासारखं नेसलंय, बंडी आपली आहे, आणि बैल पाहुण्यांचे. आपला बैल गवळाऊ. त्याची शिंगं इतकी, म्हणून त्यांनी बोटांनी वीतभरापेक्षाही कमी माप दाखवलं. आखूड, टोकाला बोथट, किंचित मागं वळलेली. तोंड लांबट, डोळा बदामासारखा. एवढी लांब शिंगं घेऊन हा आपल्या गोठ्याच्या दारातून आत शिरेल कसा, असंही त्यांनी विचारलं.

मला राग आला. खरं सांगायचं तर राग त्यांचा नव्हता, पण जवळ त्याच होत्या. मी चित्रं गोळा केली, सासूबाईंना म्हटलं की पुस्तक पुण्याचं आहे, साऱ्या महाराष्ट्राची मुलं वाचणार, त्यांना काय गवळाऊ नि बिवळाऊ. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन घरांत मात्र बातमी पोहोचली होती की सुनेनं बैलांची शिंगं चुकवली.

दोन दिवस मी टेबलाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर 'गवळाऊ' टाकून पाहिलं. मोजकेच फोटो आले आणि प्रत्येक फोटोत सासूबाई बरोबर होत्या. वर्धा जिल्ह्याचाच बैल, आर्वी-आष्टीकडचा. म्हणजे बावीस पोळे मी ज्यांना ओवाळलं होतं तेच. ओवाळताना मी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, तोंडाला पोळी दिली होती, आणि शिंगं कधी पाहिलीच नव्हती. मी चित्रकार आहे म्हणवते! त्या दिवशी माझी मलाच फार लाज वाटली.

मी पुण्याला फोन केला. संपादकबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लांब शिंगांमुळे बैल चटकन ओळखू येतो, मुखपृष्ठ शिंगांवरच उभं आहे, आणि आठ चित्रं झालेली आहेत. नव्यानं करायची तर तारीख पाळणं जमणार का? नसेल तर तसं आत्ताच सांगा, म्हणजे मला दुसरी सोय बघता येईल. मी म्हटलं, कळवते.

जलरंगात खोडरबर नसतो. आकाशावरून गेलेलं शिंग पुसता येत नाही, अख्खं आकाश पुन्हा घालावं लागतं. म्हणजे आठ चित्रं कोऱ्या कागदापासून. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आई म्हणते ते बरोबर आहे, पण तू म्हणशील तर नाही. असला नवरा असला की निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. खोट्या बैलांवर माझं नाव छापून येईल, किंवा खऱ्या बैलांपायी येणारच नाही, असा तो मामला होता. तळेगावच्या एखाद्या पोरीनं ते पुस्तक उघडलं आणि 'हा आपला बैल नाई' म्हटलं तर, हे डोक्यातून जाईना.

सासूबाई म्हणाल्या, आधी चाल, बैल पाहून घे.

आर्वीवरून एसटीनं आम्ही दोघी तळेगावला गेलो. तिथे माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेती बघतात. नांगरणी ट्रॅक्टरनं होते, पण कपाशीच्या ओळींत डवरा, म्हणजे तण काढायचं औत, चालवायला बैलच लागतो, म्हणून जोडी त्यांनी ठेवली आहे. गोठ्यात घमेलं पालथं घालून मी बसले आणि वही उघडली. बैल उभे राहतात हा माझा आणखी एक गैरसमज. ते सारखे हलतात. शेपटी, कातडी, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सगळं हलतं. पहिल्या तासात माझी एकही रेघ पुरी झाली नाही. दुसऱ्या तासात त्यातल्या एकानं मान लांब करून वहीचं पान ओढलं आणि चघळून टाकलं. भासऱ्यांनी दारातूनच विचारलं, आवडलं का त्याला?

मी अजूनही शिंगांकडेच बघत होते. एवढीशी शिंगं. यांच्यावर साळुंकी बसणार कुठे, दप्तर अडकणार कसं, आणि बैल रागावला हे मी दाखवणार कशानं? हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"शिंगानं थोडीच बोलते बैल," त्या म्हणाल्या. "कानानं बोलते. कान पाह्य त्याचे."

मी कान पाहिले. आणि मग दुपारभर कानच पाहिले. भासरे आले की दोन्ही पुढे. मी कागद फडफडवला की एक पुढे, एक मागे. माशी आली की एकटाच एक फटकन. डोळे मिटून रवंथ करताना दोन्ही आडवे, लोंबते. वहीची पंधरा पानं नुसत्या कानांची भरली. लांब शिंगांच्या माझ्या आठ चित्रांत कान होते कुठे? शिंगांच्या मागे, नावाला. आणि गोष्टीचा सगळा जीव होता तो मुलगी बैलाच्या कानात काहीतरी सांगते यात! मी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि एकटीच हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, ऊन लागलं.

मग मी त्यांना ती गोष्ट पहिल्यांदाच नीट सांगितली. विचारलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरगी बैलाच्या कानात काय सांगेल? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ही खरंच विचारते आहे का. सारं गाव सांगतं तेच सांगेल, दुसरं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग बोलण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं म्हणून त्यांनी माझ्या जावेकडून वाटीत तूप-हळद मागवली, बांधावरून पळसाचं पान आणवलं, बैलाच्या मानेवर जिथे जू बसतं तिथे ते पान तुपात बुडवून हलक्या हातानं चोळलं. आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बैलाचे दोन्ही कान वळले. मी ते जसंच्या तसं काढून घेतलं. सासूबाईंचा हात, पान, वळलेले कान. ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे आणि ते काढायला मला पाच मिनिटं लागली असतील.

चित्र झालं, आम्ही परतीच्या एसटीसाठी निघायला हवं होतं. पण सासूबाई हलेनात. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, आवतन दिलं की जेवायला घालावंच लागतं, खोटं आवतन देता येत नाही. पोळ्याला अजून कितीतरी महिने होते. मी म्हटलं, आई, तुम्ही मला दाखवण्यापुरतं म्हणालात. त्या म्हणाल्या, मला ते माहीत आहे, बैलाला कुठे माहीत आहे? आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी डाळ शिजली, पुरण झालं, आणि भर उन्हाळ्यात, सण ना वार, तळेगावच्या एका गोठ्यात दोन बैलांनी पुरणपोळी खाल्ली. शेजारचे बघून गेले. सासूबाईंनी प्रत्येकाला कारण सांगितलं, की आमच्या सूनबाईच्या पुस्तकाचं काम आहे. मुदतीतला एक दिवस गेला, पण माझी तक्रार नव्हती.

घरी येऊन मी पहिलं चित्र केलं ते हेच. पांढरा बैल पांढऱ्या कागदावर रंगवायचा नसतोच. त्याच्या भोवतालचं रंगवायचं. गोठ्यातला अंधार, तट्ट्यांतून येणारा उजेड, मुलीचा लाल झगा, हातातलं हिरवं पान, तुपाची पिवळी वाटी. मधे कागद मोकळा सोडायचा, आणि बैल आपोआप येऊन उभा राहतो. मानेवर आणि वशिंडावर तेवढी करड्या रंगाची ओली फुंकर. शिंगं आखूड. कान मोठे, वळलेले, दोन्ही पानांच्या जवळजवळ मध्ये, पण शिवणीपासून दोन बोटं दूर. मी ते एकच चित्र पुण्याला पाठवलं, सोबत दोन ओळी लिहिल्या की बैल असा असेल तर मी आहे, नाहीतर तुम्ही खुशाल दुसरी सोय बघा. पाठवलं आणि लगेच घाबरले. तोंडाळपणाचा गुण सासूकडून लागला होता.

दोन दिवस फोन नाही. मी पुन्हा बरण्यांची झाकणं घट्ट करत होते, या वेळी आनंदानं नव्हे.

तिसऱ्या दिवशी संपादकबाई बोलल्या. आधीच्या चित्रात कान दिसतच नव्हता, म्हणाल्या, आणि इतक्यांदा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग त्यांनी मुलीच्या हातातल्या त्या हिरव्या पानाबद्दल विचारलं. मी खांद शेकण्याची, म्हणजे बैलाचा खांदा तूप-हळदीनं चोळायची, रीत सांगितली, आवतन सांगितलं. त्या म्हणाल्या, ते वाक्य तुमच्या सासूबाईंच्या तोंडून ऐकायचंय. मी फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंपुढे धरला. त्यांनी घसा साफ करून खणखणीत आवाजात आवतन दिलं.

"अहो, नक्की येते," संपादकबाई हसत म्हणाल्या.

"तुम्हाले नाई, बैलाले," सासूबाईंनी लगेच दुरुस्ती केली.

मला तीन आठवडे वाढवून मिळाले. त्या तीन आठवड्यांत मी जेवढं काम केलं तेवढं जन्मात केलं नसेल. सासूबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि कधीही येणाऱ्या शेजारणींना दारातच सांगायला सुरुवात केली की सून कामात आहे, नंतर या. साळुंकी शिंगावरून वशिंडावर गेली आणि तिथे जास्त शोभली. दप्तर खुंटीला गेलं. मुखपृष्ठावर शिंगांच्या जागी दोन कान आले, एक पुढे, एक मागे, आणि पुस्तकाचं नाव खाली सरकलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते हातात घेऊन नाकाला लावलं. शाईचा वास, आणि मुखपृष्ठावर माझं नाव. पहिली प्रत सासूबाईंना दिली. तोवर त्या तळेगावला परतल्या होत्या, म्हणून नवऱ्याबरोबर पाठवली. पुण्यात सगळ्यांना पसंत पडलं होतं, पण माझ्या लेखी परीक्षा तळेगावातच होती. आठ दिवसांनी मी स्वतः गेले.

सासूबाईंनी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाशी ठेवली होती. आल्या-गेल्याला दाखवून झाली होती. भासरे मात्र शेतातल्या कामामुळे राहिले होते. ते हात धुऊन ओसरीवर बसले, चष्मा लावला आणि पानं उलटू लागले. मी समोर उभी. शिंगं पाहून त्यांनी मान डोलावली. आवतनाच्या पानावर ते थांबले आणि बायकोला बोलावून दाखवलं. मला इतका आनंद झाला की मी खांबाला टेकले.

मग ते शेवटच्या चित्रावर आले. मुलगी कासरा धरून बंडी हाकते आहे, बाप शेजारी. भासऱ्यांनी ते पान जवळ घेतलं, लांब धरलं.

"हे जोडी उलटी जुपली," ते म्हणाले.

जोडीतल्या प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. उजवा तो उजवाच, शिकवतानाच तसा शिकवलेला. बाजू बदलली तर तो चालत नाही, अडतो. हे तळेगावात लहान पोरालाही ठाऊक. सुरुवातीच्या पानावर माझा हट्टी बैल, कानावर काळा ठिपका असलेला, उजवीकडे जुंपलेला होता. शेवटच्या पानावर तो डावीकडे. कसा झाला हे मला तिथल्या तिथे आठवलं. संपादकबाई शेवटी म्हणाल्या होत्या की बंडी पुस्तकाबाहेर जाताना दिसली तर छान, उजव्या टोकाकडे तोंड करू या. मी कॉम्प्युटरवर एका बटणात चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं होतं. चित्राबरोबर बैलही उलटे झाले. आता ते छापून आलं होतं. हजारो पानं, हजारो उलटे बैल, आणि त्यांच्यावर माझं नाव. आता सासूबाई उठणार आणि ओसरीवरून साऱ्या गल्लीला सांगणार, हे मी धरूनच चालले होते.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"बंडी पोरीनं जुपली त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "बाप आंग धुवाले गेलता. लहान हाय ते, तिले उजवं-डावं कुठी समजते. पहिलीच खेप होय तिची."

भासऱ्यांनी पुन्हा चित्र पाहिलं. मुलीकडे पाहिलं, बापाच्या खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, असं असेल तर बरोबर आहे, पण बैल चार पावलांवर अडले असतील. सासूबाई म्हणाल्या, अडले असतीलच, मग बापानं उतरून नीट जुंपले असतील, ते पुढचं पुस्तकात नाही.

आठ दिवस ते पुस्तक त्यांच्या उशाशी होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत त्यांनी ते किती वेळा वाचलं असेल. हरवलेल्या चपला ज्यांना दिसल्या त्यांना हे दिसलं नसेल, असं होणंच शक्य नव्हतं. त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं याची गोष्टसुद्धा तयार करून ठेवली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी चूक त्यांनी झाकली ती ही पहिली.